साठावा सेकंद

शी! त्या हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनकडे मला बघवत नाही.

आमची बिस्किटांची फॅक्टरी मांजरी गावाच्या अलीकडे. सकाळची पाळी साडेपाचला. मी बिबवेवाडीहून कंपनीच्या बसने येते, आणि बस रोज अगदी वेळेच्या तोंडावर टेकते. पावसाळ्यात ओला अंगठा ते मशीन घेत नाही, लाल दिवा लावून बसतं मेलं. मांजरीची बायडाबाई चालत यायची, आमच्या आधी पोचायची आणि मशीनपाशी उभी राहायची. एकेकीचा अंगठा कोरड्या पदराने पुसून द्यायची. "दाब आता, भिऊ नगं." स्वतःचा अंगठा मात्र सगळ्यांच्या शेवटी. घरात वाढणारी बाई शेवटी जेवते ना, तसंच तिचं. आम्ही कितीदा म्हटलं, "अहो बायडाबाई, आधी तुमचा लावा." तर म्हणायची, "मी कुठं पळून चाललीय? जीव टांगणीला तुमचा हाय."

दोन हजार पंधराचा एक जुलै. रोजे चालू होते, पहाटेची सहरी खाऊन मी बसमध्ये पेंगत आले होते. बायडाबाईने माझा अंगठा पुसला, मला पुढे ढकललं, मग आपला लावला. हिरवा दिवा लागला, मशीन 'थँक्यू' म्हणालं. मी शेजारीच उभी होते.

ईदच्या आधी कायम करायच्या बायकांची नावं लागली. माझं होतं, बायडाबाईचं नव्हतं. का, तर एक जुलैला ती गैरहजर! वर्षात एक जरी न सांगता खाडा झाला तर कायम नाही, असा नियम. कायम झालं की मधेच घरी बसवत नाहीत, एवढंच त्या विधवा बाईला हवं होतं.

मी तिला घेऊन श्रीधर साहेबांकडे गेले. हजेरीचं खातं त्यांचं.

"साहेब, ही दिवसभर माझ्या शेजारी पाकिटं भरत होती."

"भरलीही असतील. सिस्टीमला दिसल्या नाहीत."

"सिस्टीमला डोळे आहेत का?"

"तुम्हाला आहेत ना? मग कामाकडे लावा."

मी हटले नाही. शेवटी त्यांनी कंप्युटर बघणाऱ्या नीरजा मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ शोधलं आणि हसल्या. म्हणाल्या, पृथ्वी फिरता फिरता किंचित मागे पडते, म्हणून अधूनमधून जगभरच्या घड्याळांत एक सेकंद जास्तीचा घालतात. या वेळी तो आपल्याकडे नेमका पहाटे साडेपाचच्या आधी आला. एरवी एकोणसाठनंतर शून्य येतं, त्या दिवशी साठ आलं. काही मोठ्या कंपन्या तो चिमूटचिमूट करून दिवसभरात वाटून टाकतात. काही कंप्युटर एकोणसाठच दोनदा मोजतात. बायडाबाईंचा अंगठा नेमका त्याच सेकंदाला लागला; आपल्या मशीनने साठ लिहिलं, आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरला एकोणसाठच्या पुढे सेकंदच माहीत नाही. त्याने ती नोंद चुकीची म्हणून फेकून दिली.

"म्हंजे मी आल्ते, हे खरं हाय ना?" बायडाबाईने विचारलं.

"अगदी खरं. दोन मिनिटांत दुरुस्त होईल, सर."

साहेबांनी उठून दार लावलं.

"सिस्टीम मी निवडलीय. हेड ऑफिसला काय कळवू, पृथ्वी मागे पडली?" स्वतःच्याच विनोदावर ते हसले. मग टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'मी हजेरी लावायला विसरले. पुन्हा असे होणार नाही.' यावर अंगठा दिला तर आणखी एक वर्ष टेंपररी. नाही तर उद्यापासून येऊ नका.

मी नीरजा मॅडमकडे बघितलं. मॅडम मोबाईलमध्ये बघत होत्या. या अल्ला, एवढं शिकून हेच करायचं असतं का?

"मी इसरली न्हाई," बायडाबाई म्हणाली. मग तिने शाईत अंगठा बुडवला. तो अंगठा पहिल्याच झटक्यात उठला.

साहेबांनी मला कायम केल्याचं पत्र दिलं, वर पेढा. रोजा होता म्हणून पेढा टळला. पत्र मात्र मी घेतलं, घरी पोरं आहेत. अजून त्या पत्राला हात लावावासा वाटत नाही.

बायडाबाई आता आल्याआल्या आपला अंगठा लावते आणि सरळ आत जाते. तिला काय बोलायचं? कोणत्या तोंडाने?

काल पाऊस कोसळत होता, बस उशिरा आली. मी धावत मशीनपाशी गेले, तिथे कोणी नव्हतं. ओढणीसुद्धा चिंब, अंगठा पुसू कशाला? लाल. पुन्हा लाल. आतून बायडाबाईने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि खाली मान घालून हातमोजे चढवले.