सोनं खरेदीच्या भावाने

माझी सून देशाच्या मोठ्या बँकेत आकडे जुळवते. परकीय गंगाजळी म्हणजे देशाने अडीअडचणीसाठी साठवलेलं परदेशी चलन आणि सोनं, एवढं मला तिनेच शिकवलंय. वर्षभर खपून तिने एक आलेख काढला. तीस वर्षांतली आपली गंगाजळी निळ्या रेघेत, शेजारच्या देशाची लाल. आणि शेवटी निळी रेघ लालच्या वर! साहेब असा खूश झाला की आलेख थेट अहवालाच्या मुखपृष्ठावर. विभागप्रमुखाची खुर्ची आता हिलाच, असं सगळे म्हणू लागले. मी तर अख्ख्या इमारतीत सांगून मोकळी झाले.

आणि छपाईच्या तोंडावर ही बया जेवता जेवता थांबली.

"आई, घोटाळा झालाय. ते लोक सोनं खरेदीच्या भावाने धरतात, आपण आजच्या."

"मग?"

"तुमच्या चार बांगड्या घेतल्या त्या भावाने धरल्या आणि माझ्या दोन आजच्या, तर कागदावर श्रीमंत कोण?"

"तू! अगं, पण माझ्या चार आहेत!"

"तेच तर."

दोघांचं सोनं एकाच भावाने धरलं की लाल रेघ अजून वरच. "एवढं बारीक कोण बघतंय? गप्प बस," मी म्हटलं. खुर्ची दिसत होती ना मला! माझा लेक तर ताटातून मान वर काढेना.

सकाळी तिने साहेबाला गाठलं. तो म्हणाला, खाली बारीक अक्षरात टीप टाकू. ही म्हणाली, चित्र बघणारा टीप वाचत नाही, मुखपृष्ठ बदला नाहीतर माझं नाव काढा. मुखपृष्ठ बदललं. साहेबाचं तोंडही.

अहवालाच्या प्रकाशनाला घरच्यांनाही बोलावलं होतं; मी मागच्या रांगेत होते. ती उभी राहिली आणि न अडखळता म्हणाली, "आधीच्या आलेखात चूक माझी होती. दोन देश मी एका मापाने मोजले नाहीत." मग लाल रेघेतल्या एका खड्ड्यावर बोट ठेवलं. "या वर्षी त्यांची तिजोरी तळाला गेली होती. सोनं नव्या भावाने धरलं असतं, तर रेघ चुटकीसरशी वर दिसली असती. त्यांनी तसं केलं नाही. पोटाला चिमटा काढून, माल परदेशी विकून, हळूहळू वर आले. हे शिकण्यासारखं आहे."

काय छाती आहे पोरीची! मी हिला गप्प बस म्हणत होते.

पुढे खुर्ची मिळाली ती तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका गड्याला. साहेब म्हणाला म्हणे, "तुम्हाला अजून थोडा अनुभव येऊ द्या." अठरा वर्षं झाली तिला तिथे!

त्या दिवशी घरी आली ती चपलांसकट मटकन सोफ्यावर बसली. "आई, इमारतीत आता काय सांगाल?"

माझं डोकंच फिरलं. "सांगते की! त्या गड्याला धरलं आजच्या भावाने आणि माझ्या सुनेला नोकरीला लागली त्या दिवशीच्या. एवढा आलेख दाखवलास, तरी मेल्यांना कळलं नाही!"

ती अशी हसली, अशी हसली की डोळ्यांना धार लागली, आणि हसू थांबलं तरी धार थांबेना.

"आई," ती नाक पुसत म्हणाली, "हे तुम्ही साहेबासमोर बोलायला हवं होतं."

"मला विचारलं कुणी?" मी म्हटलं, आणि खाली वाकून तिच्या चपला काढल्या.