एकही तक्रार नाही

“आलं का काही?” चपला काढता काढता मी दारातूनच विचारलं.

“आलंय ना. बटणांचा रंग आवडला नाही म्हणून एकाने माझी अक्कल काढलीय,” ही म्हणाली. “पण जुन्या कॉम्प्युटरवाल्यांकडून काहीच नाही.” स्क्रीनवरची नजर काही हलली नाही.

आमच्या हिचं हे नेहमीचंच. नवीन आवृत्ती सोडली की पुढचे काही दिवस ती घरात असून नसल्यासारखी. ताट वाढलेलं, हात माउसवर. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बसते, संध्याकाळी घरी येते ती थेट या दुसऱ्या नोकरीवर. इथे पगार नाही, रजा नाही, आणि शिव्या मात्र देशोदेशीच्या. ही नसती उठाठेव सोड, असं मी तिला निदान शंभरदा सांगितलं असेल. ती ‘हो’ म्हणते आणि पुन्हा बसते.

तिचं काम नातेवाइकांना काही केल्या कळत नाही. मला कळतं, कारण मी शिंपी आहे आणि माझ्या दुकानात शिवण्यापेक्षा अल्टरेशनच जास्त चालतं. इंटरनेट ज्यातून बघतात तो ब्राउझर बनवणारी माणसं वेगळीच. त्यांचा माल कुणीही फुकट घ्यावा, उसवून बघावा, हवा तसा बदलावा. दुसरीकडे काही लोकांनी मिळून एक फुकटची सिस्टिम चालवलीय, ती टाकून दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरसुद्धा चालते. तो ब्राउझर या सिस्टिमच्या मापाला बसवून द्यायचा, हे हिच्या गळ्यात पडलेलं काम. तयार सदरा येतो, ही बाह्या आखूड करते, काखेत कापड घालते. दर महिन्याला नवा सदरा, आणि मागचं सगळं अल्टरेशन पुन्हा पहिल्यापासून.

या खेपेला घाई फार होती. ब्राउझरमध्ये एक भोक सापडलं होतं आणि चोर त्यातून आत शिरायलाही लागले होते. दुरुस्त आवृत्ती कधी देता, म्हणून सगळे हिच्या मानगुटीवर. त्यात हिच्याआधी हे काम बघणाऱ्याने घालून ठेवलेला एक टाका नव्या मालावर बसेना. तो कशासाठी घातला होता हे त्या बाबाने कुठे लिहिलं नव्हतं, आणि आता त्याचा पत्ताही कुणाला ठाऊक नव्हता. हिने चार जणांना विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. जुन्या मशिनसाठी असावा, एवढाच हिचा अंदाज. घरात एक जुना कॉम्प्युटर होता, त्याच्यावर लावून बघितलं असतं, तर नेमका तोच बंद पडलेला. शेवटी हिने तो टाका काढला, नव्या मशिनवर सगळं नीट चालतंय याची खात्री केली आणि आवृत्ती सोडून दिली.

“जुनेवाले ओरडले तर लगेच परत घालीन,” ती म्हणाली होती. त्यांची कामाची रीतच तशी आहे. माल सोडायचा आणि तक्रारींच्या पानावर कान लावून बसायचं.

पण जुनेवाले काही ओरडले नाहीत. आठवडा गेला. मला वाटलं, सुटलो. ही मात्र दिवसेंदिवस जास्तच घाबरी होत चालली. एरवी हेच लोक उठल्यासुटल्या कुरकुरतात, आता इतके गप्प कसे, हेच तिच्या डोक्यात. भाजीत मीठ दोनदा पडलं. जेवता जेवता उठून पान बघून यायची. मी चिडून म्हटलं, लोकांनी बोंब मारली तरी तुला त्रास आणि गप्प बसले तरी त्रास, तुला हवंय तरी काय? त्यावर ती उठून पुन्हा पान बघायला गेली, म्हणजे मामला गंभीर होता.

एका संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली. ऑफिसातून घरी न जाता दुकानात यायची ही तिची पहिलीच वेळ. चेहरा पांढराफटक. कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, “अहो, ते तक्रार करणार कशी? तक्रारीचं पान ब्राउझरमध्येच उघडतं.”

कुठल्याशा लांबच्या गावातल्या शाळेच्या मास्तरांनी तिला कळवलं होतं, तेही दुसऱ्या गावी जाऊन, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून. शाळेतल्या सगळ्या जुन्या मशिनवर ब्राउझर उघडायचाच बंद झाला होता. त्यांची शांतता मी पसंतीची पावती समजून बसलो होतो, आणि तिकडे एकेका घराचं, शाळेचं दार बंद होऊन बसलं होतं. किती, ते कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. तिच्याजवळ बसण्यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता, पण बसलो. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसला दांडी मारली आणि तो जुना टाका नव्या मालावर बसेल असा पुन्हा घातला. ब्राउझर नसला तरी सिस्टिम आपणहून नवीन माल ओढून घेते, एवढं नशीब. आणखी दोन दिवसांनी तिने मास्तरांना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. मास्तर खुशीत होते. सगळी मशिनं सुरू झाली, मुलं पुन्हा बसायला लागली, आभार मानावेत तेवढे थोडे, वगैरे. मला हायसं वाटलं. मग फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “आम्ही उगाच झाडलोट करणाऱ्या मावशींवर आळ घेतला. त्यांनी ओल्या फडक्याने मशिनं पुसली होती, त्यानेच बिघडली असं वाटलं सगळ्यांना.”

“मग?” हिने विचारलं.

मग काय, मावशींना कामावरून काढलं होतं. आता दुसरी बाई लागलीय, तिला कसं काढणार, असं मास्तर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण हेडमास्तरांपुढे हा विषय काढायची त्याची तयारी दिसेना. हिने पुन्हा पुन्हा विनवलं, मग म्हणाली, निदान मावशींचा नंबर द्या.

नंबर तिने कागदावर लिहून घेतला. मी म्हटलं, राहू दे, अनोळखी बाई, तिला काय कळणार त्यातलं, उलट चार शब्द ऐकवील. “ऐकवू दे,” ही म्हणाली आणि स्पीकर चालू ठेवूनच फोन लावला.

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. हिने आपण कोण ते सांगितलं, कॉम्प्युटर कशाने बंद पडले ते सांगितलं. भांड्यांचा आवाज थांबला.

“म्हणजे ते माझ्या हातून नाही झालं?” मावशींनी विचारलं.

“नाही मावशी. माझ्या हातून झालं. तुमचा काहीच दोष नव्हता.”

“फडकं घट्ट पिळलं होतं मी,” मावशी म्हणाल्या. “सांगितलं होतं मी त्यांना.”

ही रडायला लागली. मला वाटलं, आता त्या बोल लावतील, किंवा काम परत मिळवून द्या म्हणतील. त्यातलं काहीच झालं नाही. त्या शाळेत मी आता पाऊल टाकायची नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही रागाने नाही.

“ताई, जरा थांबा हं. सुनेला देते फोन. तिलाही सांगा. मी सांगून तिला पटत नव्हतं.”

सून आली. हिने डोळे पुसले आणि पुन्हा सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून. मग सुनेने मावशींच्या मुलाला बोलावलं, हिने त्यालाही सांगितलं. नंतर मावशींचाच आवाज ऐकू आला. त्या कुणाला तरी दारातून हाका मारत होत्या, शेजारच्या बाई असाव्यात, जरा इकडे या म्हणून. त्या येईपर्यंत ही फोन तसाच धरून थांबली. त्या आल्या, आणि हिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.