मेंदी म्हणजे काही रंग नव्हे

आपलं डोकं दुसऱ्याच्या हाती देणं सोपं नसतं, आणि सुनेच्या हाती तर मुळीच नसतं. तरीही त्या मंगळवारी सकाळी नीलाबाई न्हाणीघरातल्या स्टुलावर पाठ करून बसल्या होत्या आणि त्यांच्या मागं हातमोजे चढवून अस्मिता उभी होती. लग्नाला तिच्या अजून वर्ष व्हायचं होतं. ती आणि तिचा नवरा गुरुप्रसाद नोकरीमुळं धाराशिवला राहायचे, सणावाराला अणदूरला यायचे. एवढ्या दिवसांत सासूबाईंनी तिच्याकडं स्वतःसाठी कधी कपभर चहासुद्धा मागितला नव्हता. पहिल्यांदा मागितलं ते हे.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचा निरोप समारंभ होता. उभी हयात पोरांना गणित शिकवण्यात गेली होती, आणि त्या हयातीत त्यांचे केस कुणी मोकळे पाहिले नव्हते. कुरळे होते. नुसते कुरळे नव्हे, हट्टी होते. लहानपणी आई विंचरायला बसली की दोघीही रडायच्या, वर्गातल्या मुली बाभळीचं झाड म्हणून चिडवायच्या. लग्नानंतर खोबरेल थापून जो अंबाडा आवळला, तो त्यांच्या नवऱ्यानं, नारायणरावांनीसुद्धा, फारसा सुटलेला पाहिला नव्हता. अस्मिताचेही केस मूळचे तसलेच, पण लातूरला शिकत असताना ती घरच्या घरी ते सरळ करायला शिकली होती. तिची ती सरळसोट वेणी सासूबाई चोरून बघायच्या. शेवटी दिवाळीत एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलंच, की माझे होतील का गं असे? स्टेजवर एकदा तरी वेणी सरळ पाठीवर पडावी. हे बोलताना त्या चक्क लाजल्या होत्या. अस्मिताला त्यांची एवढी माया आली की पुढचामागचा विचार न करता ती होय म्हणून बसली.

तशी ती निष्काळजी नव्हती. केस सरळ करायच्या क्रीमनं आधी केसाची आतली वीण सैल होते, मग केस ताठ विंचरून दुसऱ्या औषधानं ती वीण पुन्हा पक्की करायची, आणि मधल्या वेळात केस अगदी दुबळा असतो, हे तिला नीट ठाऊक होतं. तेव्हाच त्याला प्रोटीनचा आधार द्यायचा असतो आणि शेवटी कंडिशनरचा ओलावा. नुसता ओलावा दिला तर केस लिबलिबीत होतो, नुसतंच प्रोटीन चोपडत राहिलं तर वाळक्या काडीसारखा मोडतो. दोन्हीचा मेळ बसवावा लागतो. म्हणून तिनं आधीच विचारून घेतलं होतं, की केसांना कधी रंग, डाय वगैरे लावलाय का? नीलाबाईंना तो अपमानच वाटला होता. उभ्या आयुष्यात डायला हात लावला नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

एक खबरदारी मात्र राहिली. मागची छोटीशी बट कापून आधी तिच्यावर औषध लावून बघायचं असतं. अस्मितानं कात्री काढली तशा नीलाबाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मंगळवार, देवीचा वार. तुळजापूर तालुक्यात राहून सवाष्णीनं मंगळवारी केसाला कात्री लावायची? अस्मितानं दोन शब्द बोलून पाहिले आणि कात्री खिडकीत ठेवून दिली. सासूशी तिच्याच केसांवरून काय वाद घालायचा, असं तिच्या मनात आलं. घालायचा असतो, हे तिला थोड्याच वेळात कळणार होतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती नीलाबाईंना माहीत नव्हती. खिडकीतल्या पांढऱ्या बरणीकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं होतं, की त्या प्रोटीनमध्ये अंडं, चरबी, हाडंबिडं काही नाही ना? नारायणराव सोवळ्यानं देवपूजा करणारे, घरात अंड्याचं नाव निघत नसे. बरणीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मेंढीच्या लोकरीपासून. अस्मिता ते वाचून बसलेली होती, तरी म्हणाली, की वनस्पतीचं आहे आई. सोपं पडलं म्हणून म्हणाली. माणूस खोटं बहुतेक वेळा त्यासाठीच बोलतो.

नारायणराव हार आणि शाल आणायला तुळजापूरला गेले होते, ते यायच्या आत सगळं उरकायचं होतं. अस्मितानं कपाळाच्या कडेला, कानांमागं, मानेवर व्हॅसलीन लावलं, केसांचे भाग पाडले आणि मानेकडून क्रीम लावायला घेतलं. उग्र वास सुटला. नीलाबाईंनी पदर नाकाला लावला आणि पोरांसमोर भाषण काय करायचं ते पुटपुटत बसल्या. सगळं ठीक चाललं होतं. अस्मिता पुढच्या भागाकडं वळली, तो लावून झाला, आणि मागचे केस कितपत सैलावले ते बघायला ती पुन्हा मानेकडं आली.

पांढरं क्रीम जांभळं पडलं होतं.

आधी तिला वाटलं, उजेडाचा दोष असेल. तिनं बोटानं थोडं पुसून बघितलं. वांग्याच्या सालीसारखा जांभळट रंग बोटाला लागला आणि खालचा केस कोमट लागला. केस गरम व्हायचं काही कारण नव्हतं.

"आई, खरं सांगा. केसांना काय लावता तुम्ही?"

"काही नाही गं. मेंदी तेवढी."

"मेंदी?"

"मेंदी म्हणजे काही रंग नव्हे. सगळ्याच लावतात. माझी आईसुद्धा लावायची."

मग तिनं खोदून विचारलं आणि सगळं बाहेर आलं. दर महिन्याला, न चुकता. लोखंडाच्या कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची, आणि काळीभोर चढावी म्हणून वर चार गंजके खिळे टाकायचे. म्हणून तर सासूबाईंचे केस या वयातही असे काळे होते, आणि अस्मिता मनातल्या मनात म्हणत होती की रक्ताचाच गुण असणार. वर्षानुवर्षं केसांवर लोखंडाचा थर चढत होता आणि आता तो या औषधाशी भिडला होता. लोखंड आणि हे औषध एकत्र आलं की काय होतं ते तिनं फोनवर कुठंतरी वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं, कारण डाय लावलाय का विचारलं की झालं, असं तिला वाटलं होतं. मेंदीचं विचारायचं तिला सुचलंच नाही.

"उठा आई. पाणी घालायचं."

तिनं त्यांना नळाखाली वाकवलं आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. चोळता येत नव्हतं, पिळता येत नव्हतं. पाणी आधी जांभळं, मग चहाच्या रंगाचं, मग नितळ आलं. पण केस हाताला केसासारखे लागेनात. शिजलेल्या शेवयांसारखे मऊ, ओले, निसटते. तिनं एकच केस बोटात धरून हलकेच ताणला. चांगला केस थोडा ताणतो आणि परत जागेवर येतो. हा ताणत गेला, ताणत गेला आणि परत आलाच नाही. अस्मिताच्या डोळ्यांपुढं उद्याचं स्टेज आलं, खुर्च्या मांडून बसलेलं अख्खं गाव आलं. सासूचे केस जाळणारी सून. अणदूरमध्ये हे नाव तिला जन्मभर पुरलं असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या बाईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, तिच्या केसांची ही गत झाली होती. तिला रडू यायला लागलं, पण हात ओले होते आणि रडायला वेळ नव्हता.

आता एकच उपाय होता, ती बरणी. केस एवढा सैल झाला की आधी प्रोटीन, नाहीतर दुसरं औषध लावेपर्यंतच तुटायचा. तिनं झाकण उघडलं. नीलाबाई खाली मान घालून वाकलेल्या होत्या, त्यांना काही दिसत नव्हतं. लावून टाकलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. तिनं दोन बोटं बरणीत घातलीसुद्धा, आणि तिथंच थांबली.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. नारायणराव ठरल्यापेक्षा लवकर आले होते. न्हाणीघराचं दार बंद बघून त्यांनी बाहेरूनच हाक मारली, की पूजा राहिलीय, आंघोळीला पाणी हवंय, आत कोण आहे? त्यांनी कडी वाजवली.

"आई," अस्मिता अगदी हळू म्हणाली, "हे वनस्पतीचं नाही. मी खोटं बोलले. मेंढीच्या लोकरीपासून करतात. हे लावलं नाही तर केस हातात येतील. लावलं तरी किती वाचतील सांगता येत नाही."

नीलाबाई वाकलेल्याच राहिल्या. केसांतून पाणी फरशीवर गळत होतं. पुन्हा कडी वाजली. मग त्यांनी तशाच वाकल्या अवस्थेत आवाज चढवला, वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो तो.

"अहो, तुमची पूजेची धाबळी कशाची असते?"

बाहेर कडीचा आवाज थांबला.

"लोकरीची. का गं?"

"लोकरीचं सोवळ्यात चालतं ना?"

"चालतं म्हणजे? त्याच्याइतकं शुद्ध दुसरं काही नाही. झालंय काय?"

"काही नाही. तुम्ही आज पुढच्या अंगणात आंघोळ करा."

पावलं पुटपुटत निघून गेली. नीलाबाईंनी मान थोडी वळवली. त्यांचे डोळे औषधानं लाल झाले होते, की रडून, ते कळत नव्हतं.

"लाव," त्या म्हणाल्या. "तू खोटं बोललीस, मी खरं सांगितलं नाही. फिट्टंफाट झाली. आता लाव."

अस्मितानं मुळापासून टोकापर्यंत, एकही केस न ओढता, तळव्यांनी दाबत दाबत ते लावलं. मग दोघी वाट बघत बसल्या. ते बसणं अस्मिताला जन्मात विसरता येणार नव्हतं. दाराच्या फटीतून नारायणरावांचे मंत्र येत होते आणि नीलाबाई भाषण पुटपुटायचं कधीच विसरल्या होत्या. त्यांनी अस्मिताचं मनगट धरून ठेवलं होतं, हातमोज्यावरूनच. पुढं काय होणार ते दोघींनाही माहीत नव्हतं.

धुतल्यावर तिनं पुन्हा एक केस ताणला. कानाच्या वरचा, मुळाजवळचा. तो ताणला आणि परत आला. तिनं दुसरा धरला, तोही आला. तिला इतकं हायसं वाटलं की ती भिंतीला टेकली. मग तिनं खांद्याखालचा केस धरला. तिथं मेंदीचे सगळ्यात जास्त थर बसले होते. तो ताणलाच नाही, नुसता तुटला, आणि त्याच्याबरोबर बोटभर जाड बट तिच्या हातात आली. नीलाबाईंनी न बघताच हात मागं केला आणि ती बट घेतली. मांडीवर ठेवून त्या तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

अस्मितानं काय करावं लागेल ते सांगितलं. दुसरं औषध लावायचं, मग कंडिशनर, म्हणजे वरचे वाचतील. पण खालचे ठेवले तर उद्या स्टेजवर गळतील. मानेपर्यंत कापावे लागतील, आणि आजच. वेणी पडायची नाही.

"आज मंगळवार," नीलाबाई म्हणाल्या.

"हो."

मग त्यांनी स्वतःच हात लांब करून खिडकीतली कात्री घेतली आणि मागं अस्मिताच्या हातात दिली. देवीला काय सांगायचं ते मी सांगेन, एवढंच म्हणाल्या. कात्रीचा पहिला आवाज झाला तेव्हा त्यांचे खांदे आक्रसले, पण त्या हलल्या नाहीत. अस्मिता रडत रडत कापत होती आणि कापता कापता कड सरळ येतेय ना ते बघत होती.

त्या दिवशी संध्याकाळी नारायणरावांनी बायकोचं डोकं पाहिलं आणि जेवणाच्या पाटावरून अर्धपोटी उठले. कुणाला काही विचारलं नाही. गुरुप्रसादचा धाराशिवहून फोन आला, तोही त्यांनी घेतला नाही. अस्मिता स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा घासत राहिली. रात्रीत सामान भरून निघून जावं असंही तिच्या मनात येऊन गेलं.

सकाळी शेजारच्या पार्वतम्मा साडीच्या निऱ्या घालायला मदत म्हणून आल्या. शाळेतल्या दोघी बाई गजरे घेऊन आल्या होत्या, आणि नारायणराव दारात शालीचं पुडकं धरून उभे होते. सगळ्यांच्या नजरा नीलाबाईंच्या मानेवर गेल्या. केस सरळ होते, मऊ होते, थोडे तांबूस होते आणि खांद्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हते. गजरा माळायला जागाच नव्हती. शाळेतल्या बाई संकोचून गप्प राहिल्या. पार्वतम्मांना गप्प राहणं जमत नसे.

"अगं बाई, हे काय झालं? एवढा मोठा अंबाडा होता. सुनंनं जाळलं व्हय?"

अस्मिता गजरे ठेवलेलं ताट घेऊन उभी होती. तिला वाटलं, आता फरशी दुभंगावी. कालपासून ज्याची भीती होती ते आता घरातच, सगळ्यांसमोर, नारायणरावांच्या देखत येऊन उभं राहिलं होतं. ती माझ्याकडूनच झालं म्हणून सांगणार, तोच नीलाबाईंनी हातातल्या निऱ्या सोडून मान वर केली. त्यांनी पार्वतम्मांकडं नाही, नवऱ्याकडं बघितलं.

"जाळले ते मी," त्या म्हणाल्या. "खिळे घालून मेंदी लावत होते आणि विचारलं तरी सांगितलं नाही. जे डोक्यावर दिसतंय ते हिनं वाचवलं. ज्याला काही बोलायचं असेल त्यानं मला बोलावं."

नारायणरावांनी शालीचं पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि रिक्षा आली का ते बघायला अंगणात गेले. पार्वतम्मा निऱ्यांकडं वळल्या.

अस्मिता ताट घेऊन तशीच उभी राहिली. आधी औषध लावून बघायला बट कापू दिली नाही तेही सासूबाईंनी कबूल केलं असतं, कुणी विचारलं असतं तर. पण बरणीचं, वनस्पतीचं म्हणून ती बोललेल्या खोट्याचं, त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि काढणारही नव्हत्या, हे तिला त्यांच्या पाठमोऱ्या मानेकडं बघताना कळलं. तिला लाज वाटली, आणि स्वतःच्या आईबद्दल वाटत नसे एवढी त्या बाईबद्दल माया वाटली. ती मान उघडी पडली होती, पहिल्यांदाच, आणि तिच्यावर व्हॅसलीनचा एक पुसट डाग राहून गेला होता. अस्मितानं ताट खाली ठेवलं आणि पदराच्या टोकानं तो पुसला.