घोटभर चहा

सापारने राजाच्या बाजूचं प्यादं एक घर सरकवून आपल्या उंटाला लांबचा कर्ण मोकळा करून दिला, तसा ओरोझालीने चष्मा काढून पुसला.

“ड्रॅगन? एवढी जहाल सुरुवात? अहो व्याही, बॉयलरची वाफ डोक्यात गेली की काय?”

सापार शहराच्या बॉयलरवर फिटर. काराकोलच्या बुद्धिबळ क्लबात त्याला आम्ही ‘अर्धा’ म्हणायचो. तो हरत नसे, कुणाला हरवतही नसे. बरोबरीचा अर्धा गुण घेऊन घरी. यंदा शेवटच्या फेरीत समोर ओरोझाली आला. त्याच्याच घरी सापारची मुलगी जिपार नुकतीच सून म्हणून गेलेली. जिंकला तर सापार शहराचा विजेता. बरोबरी झाली तर चषक दरवर्षीसारखा ओरोझालीकडे. ओरोझालीने तर मेजवानीची मेंढी सकाळीच कापली होती.

“पोरीला तिथं नांदायचंय,” सापारला त्याच्या बायकोने, बातमाने, निघताना बजावलं होतं. “व्याह्याला हरवून त्याच्याच घरी जेवणार? काठोकाठ चहा देतील हातात. मग कळेल!”

चहाची वाटी काठोकाठ म्हणजे प्या आणि निघा. मानाच्या पाहुण्याला आमच्याकडे घोटभरच ओततात, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून.

पांढरी प्यादी सापारच्या राजावर चालून आली आणि मध्येच अडकली. ओरोझालीने हात पुढे केला. “बरोबरी करू. घरी मांस निवतंय.”

सापारने तो हात पाहिला. मग आपला हत्ती उचलून पांढऱ्या राजासमोरचा घोडा मारला. हत्ती गेलाच, पण कर्णावरचा उंट जागा झाला. तासाभरात ओरोझालीने राजा आडवा करून हार मानली.

“अर्ध्या, हे कधी शिकलास?” मी विचारलं.

“शिकून पुष्कळ वर्षं झाली. खेळलो नव्हतो.”

जेवायला मीही गेलो; फुकटचं मांस आणि दुसऱ्याची पंचाईत मी सोडत नाही. चहा ओतणं सुनेचं काम. जिपारने किटली उचलली, तशी सासू मऊ आवाजात म्हणाली, “वडील दमलेत गं. चांगली भरून दे.”

बातमाने मान खाली घातली. सापार वाटीकडे बघत राहिला. पटाकडेही त्याने इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

जिपारने किटली कलती केली आणि घोटभर ओतून सरळ केली.

“घ्या, बाबा.” वाटी तिने दोन्ही हातांनी दिली.

सासूने किटलीसाठी हात पुढे केला. जिपारने ती सोडली नाही.

सापारने चहा संपवला आणि वाटी पुन्हा पुढे केली.