सत्तावन्न की पंचावन्न

साल सत्त्याण्णव. कोल्हापुरात एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा चाललेली, आणि कुरुंदवाडच्या दानेश्वरीचा जीव टांगणीला लागलेला. हातात कार्बन मोनॉक्साइडच्या मायक्रोवेव्ह वर्णपटाचा चार्ट. रेघांमधलं अंतर मोजायचं, निम्मं करायचं, की रेणूचा रोटेशनल कॉन्स्टंट, म्हणजे तो किती सहज फिरतो त्याचा आकडा, आला. पुस्तकात तो सत्तावन्न पॉइंट सहा गिगाहर्ट्झ. हिचा येत होता पंचावन्न पॉइंट एक. पुन्हापुन्हा मोजलं, तरी तेच! आता काय करायचं, कपाळ?

शेजारच्या टेबलावरनं मुरगूडची स्वप्नाली कुजबुजली, "अगं, जुळवून टाक की! समद्यांनी तेच केलंय."

आणि केलं होतंच हो. उत्तर आधी, रीडिंग मागनं, ही आमची जुनी खोड. दानेश्वरीनंही पहिल्या वर्षी तेच केलेलं. तेव्हा प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिवशरण सरांनी तिची पानं टराटरा फाडून अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावला होता. "दिसतंय ते लिही. जुळवाजुळव लग्नात करायची!" सगळा वर्ग फिदीफिदी हसलेला.

आज गुण गेले तर पहिला वर्ग जाणार, आणि त्याच्याबरोबर संशोधनाची जागाही. पण तिनं लिहिलं पंचावन्न पॉइंट एकच.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भुवया चढवल्या. "म्हणजे पुस्तक चुकलं म्हणायचं?"

"न्हाय सर." घाबरली की ती गावच्या बोलीवर यायची. कॉन्स्टंट कमी, म्हणजे रेणू फिरायला जड. दोन अणूंमधलं अंतर तर तेवढंच राहतं. मग? तिला वडिलांची, आप्पांची, पाण्याची कावड आठवली. दांडा तोच, पण घागर काठोकाठ भरली की बोळात कावड वळवताना आप्पांना घाम फुटायचा. "सर, ह्यो कार्बनच जड हाय. बारा वजनाचा न्हाय, तेराचा!"

परीक्षक खुर्चीत मागं रेलले. "तेराचाच चार्ट दिलाय मी सगळ्यांना, मुद्दाम. दिसलं ते लिहिणारी तू एकटीच निघालीस. शाब्बास!"

शिवशरण सर कँटीनमध्ये चहा पीत बसलेले. दानेश्वरी धावतच गेली आणि त्यांच्या पायाशी वाकली. डोळे भरून आलेले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "सर, तुमी पानं फाडली नसती तर आज बुडाले असते. लई उपकार झाले तुमचे."

"ऊठ, ऊठ. तवा मात्र शिव्या घातल्या असशील मला."

"व्हय सर. कन्नडमधनंबी."

तिच्या घरासारखं सरांच्या घरातही कन्नडच बोलत. ते गडगडून हसले आणि आपला कप त्यांनी तिच्यापुढं सरकवला. "म्हंजे मनापासनं की!"