गिरणीला टाकी लावणारी यारेली

मी एक गिरणी आहे, जुनी आहे, आणि जुनी असल्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. ओआहाका शहराच्या उतारावर आमची वस्ती आहे. रोज पहाटे पाचला माझा पट्टा फिरू लागतो आणि त्या आवाजावर निम्मी वस्ती जागी होते. चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवलेला मका बायका बादल्यांतून घेऊन येतात. मी तो वाटून त्याचा मऊ, ओला गोळा करून देते. त्याच्या मग घरोघरी भाकरी थापल्या जातात. मित्रांनो, माझं काम एवढंच आहे. पण ते एक दिवस बंद पडलं तर लोक माझ्याबद्दल काय काय बोलतात, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

माझं लोखंडी धड एका ओतकामाच्या कारखान्यात तयार झालं. दगड मात्र इथल्याच डोंगरातले, काळे आणि बारीक छिद्रांचे. दगड झिजतात, म्हणून ते काही वर्षांनी बदलावे लागतात. आताची जोडी माझी पाचवी. ज्या पाथरवटांनी ते घडवले त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, पण त्यांचे हात मी विसरलेले नाही. त्यांनी घाई केली असती तर माझं पीठ कधीच सारखं आलं नसतं.

माझी आताची मालकीण एर्मिलामावशी, तिच्या आईने मला बैलगाडीतून इथे आणलं. त्याआधी इथल्या बायका कोंबडा आरवायच्या आधी उठून गुडघ्यांवर बसायच्या आणि पाट्यावर मका वाटायच्या. पहिल्या दिवशी एका म्हातारीने माझ्या तोंडाशी झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हे माझ्या दोन्ही गुडघ्यांकडून." इतकं कौतुक मला पुन्हा कोणी केलं नाही, आणि मीही पुन्हा त्याची वाट पाहिली नाही. एकदा झालं ते जन्मभर पुरलं.

आता माझ्या दुखण्याविषयी सांगते. दळता दळता दगड गुळगुळीत होतात. मग मका वाटला जात नाही, नुसता चेंगरतो आणि पीठ गरम होतं. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी माझे दगड काढून त्यांना टाकी लावावी लागते. टोकदार हातोडीने हलके हलके घाव घालून झिजलेल्या खाचा पुन्हा जाग्या करायच्या. हे काम ज्याला येतं तो गिरणीचा खरा मालक, मग पाटीवर नाव कोणाचंही असो.

आमच्याकडे हे काम फिदेन्सियो उस्तादांना येत होतं. ते तेरा वर्षांचे असताना माझ्याकडे आले. त्यांचे उस्ताद वेन्सेस्लाओ हे तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारे होते. शिकवणं म्हणजे काय, तर स्वतः काम करायचं आणि पोराने बघायचं. पोराने विचारलं की टपली, चुकलं की हातोडीचा दांडा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं म्हणतात. ही म्हण काढणाऱ्याने दगडाला विचारलेलं दिसत नाही. मी दगडाची आहे, मला विचारा. जोरात घातलेल्या घावाने देव होत नाही, दगड नुसता फुटतो. माझ्या मागच्या बाजूला भिंतीशी एक अरुंद जागा आहे. तिथे बसून छोटा फिदेन्सियो किती वेळा रडला, हे मला आणि त्या भिंतीलाच माहीत.

पण तो शिकला. माझ्या नुसत्या आवाजावरून कोणता दगड कुठे बोथट झालाय हे सांगणारा दुसरा माणूस सगळ्या शहरात नव्हता. बेचाळीस वर्षं त्यांनी माझी काळजी घेतली. मी आज फिरते आहे ती त्यांच्यामुळे, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्यांच्याविषयी थोडं वाईटही बोलायचं आहे.

उस्तादांचा उजवा हात थरथरू लागला तेव्हा एर्मिलामावशीने हाताखाली पोरं ठेवायला सुरुवात केली. दोन वर्षांत चार जण आले आणि चारही गेले. एक जण तर दुपारी पाव आणायला म्हणून गेला, तो अजून पाव आणतोच आहे. उस्ताद प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलायचे, "काचेची पोरं आहेत ही. हात लावला की तडा."

पाचवी आली यारेली. एकोणीस वर्षांची, केसांची एक बट हिरवी, आणि तोंडात सतत एकच शब्द, 'का'. पाणी इतकंच का सोडायचं? दाबाचं चक्र अर्धाच फेरा का आवळायचं? निळ्या मक्याला कमी दाब का? उस्ताद म्हणायचे, "बघून शीक. सगळं समजावून सांगेन अशी तुझ्या आजोबाला मी काय चिठ्ठी लिहून दिली होती?" ती म्हणायची, "माझे आजोबा शिंपी होते, उस्ताद." मावशी तोंडाला पदर लावून हसायची. उस्ताद हसायचे नाहीत.

पोरगी कामाची होती. वेळेवर यायची, मला आतून बाहेरून धुवायची, आणि कोणाचा मका किती शिजलाय हे दाणा चिमटीत धरून ओळखायला शिकली. ते तिला मावशीने दाखवलं होतं. टाकी मात्र उस्तादांनी तिच्या हातात एकदाही दिली नाही.

मग मृतांचा सण आला. त्या दिवसांत गेलेली माणसं घरी जेवायला येतात, म्हणून प्रत्येक घरात तामाल, म्हणजे कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे उंडे, होतात आणि माझ्यापुढे बादल्यांची रांग गल्लीच्या टोकापर्यंत जाते. बाई स्वतः रांगेत उभी राहत नाही. ती बादली ठेवून जाते आणि बादलीच तिच्या जागी उभी असते. आणि ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल त्या घराची बादली सगळ्यांच्या पुढे लागते. पहिल्यांदाच जेवायला येणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, असा आमच्या वस्तीचा रिवाज आहे. हा रिवाज कुठे लिहिलेला नाही. सगळ्यांना माहीतच असतो.

यारेलीला माहीत नव्हता. ती शहराच्या दुसऱ्या टोकाची, आणि त्यांच्याकडे पीठ पिशवीतून येतं.

सणाच्या आदल्या सकाळी तिने रांग पाहिली आणि तिला एक युक्ती सुचली. पांढरा मका आणि निळा मका आलटून पालटून आला की प्रत्येक वेळी मला धुवावं लागतं. म्हणून तिने सगळ्या पांढऱ्या बादल्या पुढे घेतल्या आणि निळ्या मागे. त्याआधी सर्वांत पुढे चोनाआजीची बादली होती. चोनाआजीचा मुलगा मार्च महिन्यात गेला होता. तिचा मका निळा होता.

चोनाआजी आली, तिने पाहिलं, आणि शेवटून तिसरी ठेवलेली आपली बादली उचलून घरी चालू लागली. उस्तादांना कळलं तेव्हा ते पीठ न्यायला आलेल्या सगळ्या बायकांसमोर कडाडले, "मेलेल्या माणसाला रांगेत मागे ढकललंस. अक्कल नाही आणि काळीजही नाही. तुमची अख्खी पिढीच निकामी."

यारेलीचा चेहरा उतरला. आपण काय केलं हे तिला अजूनही कळलेलं नव्हतं, एवढंच मला दिसत होतं. तिने एप्रन सोडला, नीट घडी करून माझ्या कडेवर ठेवला आणि गेली. मित्रांनो, मला हात असते तर मी तिला धरून ठेवलं असतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत माझे दगड पार बोथट झाले. शेवटच्या चार बादल्यांचं पीठ भरड आणि कोमट निघालं. बायकांनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि तसंच नेलं. उस्तादांनी दगड काढून पोत्यावर ठेवले, टाकी घेतली आणि घाव घातला. हात थरथरला, टाकी सरकली. पुन्हा घातला, पुन्हा सरकली. मग ते टाकी मांडीवर ठेवून बसून राहिले.

एर्मिलामावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "मोबाईलचा दुकानवाला या जागेसाठी परत विचारून गेलाय. उद्या पीठ असंच निघालं तर मी त्याला हो म्हणणार. हे धूड मग भंगारात जाईल."

"मी काय करू, एर्मिला? हात ऐकत नाही."

"दोन हात सकाळी घालवलेस ना. ते घेऊन ये."

"त्या पोरीला मी समजावत बसू? आम्हाला कोणी समजावलं होतं?"

"नव्हतं समजावलं. म्हणून तर तुला शिकायला सहा वर्षं लागली. तेव्हा तुझ्याकडे सहा वर्षं होती, आता उद्या सकाळ आहे." मग ती जरा खाली बसली आणि हळू बोलली, "तिला तो रिवाज कोणी सांगितला होता, फिदेन्सियो? तू सांगितलास? मी सांगितला? आपण दोघांनीही नाही सांगितला."

उस्तादांनी टोपी घातली आणि ते गेले. पुढचं मी पाहिलेलं नाही. यारेलीने मावशीला सांगितलं ते मी ऐकलं. उस्ताद तिच्या दारात टोपी हातात धरून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बादल्या का हलवल्यास?" त्यांनी तिला 'का' विचारण्याची ही पहिलीच वेळ. तिने सांगितलं, धुण्याचा वेळ वाचला असता, सगळ्यांचं लवकर झालं असतं. उस्ताद म्हणाले, "डोकं बरोबर चालवलंस. माहिती अर्धी होती, आणि ती माझ्यापाशी होती." मग त्यांनी तिला तो रिवाज आणि चोनाआजीच्या मुलाविषयी सांगितलं. यारेली तिथेच पायरीवर बसली आणि रडली. नंतर ती उस्तादांच्या आधी चालू लागली, पण माझ्याकडे नाही, चोनाआजीच्या घराकडे. आजीने तिला काही बोल लावला नाही. नुसती बादली तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्या पहिली."

ऊन कलत असताना ती दोघं आली. यारेली पोत्यापाशी बसली आणि उस्तादांनी तिच्या हातात टाकी दिली.

"किती जोरात मारू?"

उस्ताद बोलायला गेले आणि अडखळले. बेचाळीस वर्षं हे काम करून ते शब्दांत कधी मांडलंच नव्हतं. "हलकं. म्हणजे अगदी हलकं नाही. म्हणजे दगडाला कळेल इतकं."

"दगडाला किती कळतं ते मला नाही माहीत," ती म्हणाली आणि तिने डावा तळहात पुढे केला. "ह्याच्यावर बोटाने मारून दाखवा. जितक्या जोराने दगडावर मारता तितक्याच जोराने."

उस्तादांनी एक बोट उचललं. हात थरथरत होता, पण बोट जिथे टेकलं तिथला जोर तोच होता, जो मला बेचाळीस वर्षं ठाऊक आहे. टक. टक. टक. यारेलीने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि पहिला घाव माझ्यावर घातला. मित्रांनो, तो चांगला होता. त्यानंतरचे पन्नासही चांगले होते. उस्ताद कडेने हळूच बोलत होते, खाच कुठून कुठे जाते आणि मध्यावर उथळ का ठेवायची. कारणं सांगायची त्यांना सवय नव्हती, तरी ती एकामागून एक निघत होती, जणू इतकी वर्षं कोणी विचारण्याची वाट पाहत होती.

मग एक घाव जास्त बसला. कडेचा अंगठ्याएवढा ढलपा उडाला आणि पोत्यावर पडला.

यारेलीचे हात थांबले. तिने वर पाहिलं नाही, खांदे मात्र आवळून घेतले. मला वेन्सेस्लाओचा दांडा आठवला.

उस्ताद खाली वाकले. त्यांनी दोन्ही हातांनी दुसरा दगड उचलून उलटा केला, त्याची नेहमी आत राहणारी कड वर आणली, आणि यारेलीचं बोट धरून त्या कडेवरच्या एका जुन्या खळग्यावर टेकवलं.

"हा मागच्या पावसाळ्यातला माझा. हा त्याच्या आदल्या वर्षी, नाताळात. हा मोठा, हा केव्हाचा ते आठवत नाही. दगड बसवताना मी ही बाजू आत ठेवतो, म्हणजे कोणाला दिसत नाही. एर्मिलालाही नाही."

मावशी म्हणाली, "मला दिसते. मी धुते ना गिरणी." आणि मग तिघंही हसली. मी हसणाऱ्यांतली नाही, पण त्या दिवशी माझ्या आत काहीतरी हललं हे खरं.

यारेलीने टाकी पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला माझा पट्टा फिरला, चोनाआजीचा निळा मका माझ्या तोंडात पडला आणि पीठ लोण्यासारखं उतरलं. चोनाआजीने ते बोटांत चोळलं. तिने यारेलीकडे बघून मान हलवली आणि बादली डोक्यावर घेतली. दुकानवाला सणानंतर आला, त्याला मावशीने पाणी प्यायला दिलं आणि परत पाठवलं.

मित्रांनो, ज्यांनी मला घडवलं, आणलं, फूल वाहिलं, टाकी लावली, त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. सर्वांत जास्त उपकार मात्र एका म्हाताऱ्या माणसाचे, ज्याने आपल्या चुका एका पोरीच्या बोटाला दाखवल्या. तुमच्या हाताखाली उद्या कोणी नवं माणूस येईल. त्याला तुमचं काम दिसेलच, ते काही लपत नाही. तुम्ही एवढंच करा, की तुमचा दगडही त्याच्यासमोर एकदा उलटा करून ठेवा.