बीचच्या धुरावरचा माल्ट

कॉलमन रोशने त्या गुरुवारी दुपारी कोट चढवला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. लग्न नाही, मयत नाही, आणि कोट! पण टायग मिनिहनने दम भरला होता, "तो पिठूळ स्वेटर घालून आलास तर दारातूनच परत धाडीन."

टायग हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. टायग किलबार्ना गावात बिअर बनवायचा आणि कॉलमन त्याला माल्ट करून द्यायचा. जव भिजत घालायचे, दगडी फरशीवर पसरायचे, मोड फुटू लागले की एकमेकांत गुंतू नयेत म्हणून लाकडी फावड्याने उलथत राहायचे, आणि गोडी धरली की भट्टीवर वाळवायचे. हे सगळं आता कारखान्यात यंत्रंही करतात. पण बीच नावाच्या झाडाच्या लाकडांच्या आगीवर तपकिरी माल्ट करणारा त्या मुलखात कॉलमन एकटाच उरला होता.

त्याच माल्टची टायगने एक खास स्टाउट, म्हणजे काळी कडवट बिअर, केली होती. एकदाच बनायची, मोजक्याच बाटल्यांची. हिवाळाभर टायग भट्टीवर येऊन बसायचा, दाणा दाताखाली फोडायचा आणि म्हणायचा, "अजून थोडा धूर लागू दे, कॉलमन." कॉलमन पुन्हा आग पेटवायचा. इतक्या वर्षांत लोकांनी बिअरचं कौतुक केलं, माल्टचं कुणी विचारलं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच त्याच्या हातच्या कामासाठी माणसं जमणार होती.

टायगच्या बिअरखान्यात पिंपांमधली जागा मोकळी करून टेबलं मांडली होती. कॉलमनची मुलगी ऑर्ला टायगकडेच विक्रीचं काम बघायची. तिनेच पहिला ग्लास बापाच्या हातात दिला.

"सावकाश प्या हं, बाबा," ती म्हणाली आणि लगेच दुसरीकडे वळली.

स्टाउट काळीभोर होती, वर सायीसारखा दाट फेस. कॉलमनने एक घोट घेऊन तोंडात घोळवला. आधी करपवलेल्या जवाचा कडवटपणा आला, दूध न घातलेल्या कॉफीसारखा. मग साध्या माल्टची गोडी. आणि घोट घशाखाली उतरल्यावर हळूच वर आला तो त्याचा तपकिरी माल्ट. पावाच्या जळक्या कडेचा वास आणि त्यामागे बीचचा धूर. त्याने डोळे मिटले. इतकी चांगली बिअर टायगने आजवर केली नव्हती.

"मिस्टर रोश ना?" शेजारून एक ठसठशीत बाई म्हणाली. तिचं नाव फेलन, वॉटरफर्ड शहरात तिचा पब होता. "जीव हळहळला हो ऐकून. आता काय, गुलाब लावणार की मासे धरणार?"

"मी? कशाला?"

"निवृत्त झाल्यावर करणार काय मग? शेवटचा माल्ट म्हणून तर मी एवढी खोकी उचलली. पुन्हा थोडीच मिळणार आहे!"

"कुणीतरी तुमची चेष्टा केलीय, बाई," कॉलमन हसत म्हणाला. हसता हसता त्याची नजर ऑर्लाकडे गेली. ती इकडेच बघत होती. तिने मान खाली घातली.

कॉलमनने टायगला दंडाला धरून पिंपांच्या मागे नेलं.

"काय रे, मी कधी निवृत्त होतोय?"

टायगचा चेहरा उतरला. "रविवारी येऊन सांगणारच होतो तुला."

"वॉटरफर्डच्या बाईला आज, आणि मला रविवारी?"

"ऐक ना. भागीदार माझं ऐकत नाहीत. त्यांना कारखान्याचा माल्ट हवाय, दरवेळी एकसारखा येतो म्हणून. म्हटलं, बंदच व्हायचंय तर शेवट तरी झोकात व्हावा. ही बिअर तुझ्यासाठीच केली, देवाशपथ."

"माझ्याच मयताला मला बोलावलंस की रे," कॉलमन म्हणाला. "आणि वर, कोट घालून ये!" मग त्याचा आवाज खाली आला. "ऑर्लाला ठाऊक होतं?"

टायगने ओठ चावला. "बाटलीचं नाव तिनेच सुचवलं. 'अखेरची भट्टी'."

तेवढ्यात कुणीतरी ग्लासावर चमचा वाजवला. "रोशसाहेब, चार शब्द बोला!" टाळ्या पडल्या. कॉलमन पुढे आला.

"बिअर चांगली झालीय," तो म्हणाला. "पण मी निवृत्त होत नाहीये. मला काढलंय. आणि ते मला आत्ता, तुमच्यादेखत कळलंय."

अर्धा ग्लास टेबलावर ठेवून तो बाहेर पडला.

घरी फरशीवर जव पसरलेले होते, टायगच्या पुढच्या बिअरसाठीचे. छान मोड आले होते, काकडीसारखा ओला वास सुटला होता. कॉलमनने कोट खुंटीला अडकवला, सवयीने फावडं उचललं आणि एक ओळ उलथली. मग थांबला. कुंपणाशी जाऊन त्याने शेजारच्या नोरीन कॉटरला हाक मारली.

"नोरीन, तुझ्या गाई हे खातील का गं?"

"मोड आलेले जव? नाचतील! पण तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गाडा आण."

ऑर्ला आली तेव्हा निम्मी फरशी उघडी पडली होती.

"बाबा, थांबा! टायग अजून एक घाणा मागतोय. सगळ्या बाटल्या संपल्या, लोक मागे लागलेत."

"लागू देत."

"तुमची पाठ किती दुखते ते बघते ना मी. वाटलं, थोडी विश्रांती..."

"तुला वाटलं. मला विचारलंस?"

"रोज ठरवत होते. चहाला बसलं की तुम्ही त्या धुराबद्दल सांगायला लागायचात. इतके खुशीत असायचात. माझं तोंडच उघडेना."

"म्हणजे मी खुशीत होतो आणि तू बघत बसलीस."

ऑर्लाने भिंतीशी टेकवलेलं दुसरं फावडं उचललं.

"ठेव ते," कॉलमन म्हणाला. तो ओरडला नाही. "टायगने केसाने गळा कापला. ठीक आहे, त्याला धंदा होता. पण आजचा ग्लास मी तुझ्या हातून घेतला, ऑर्ला."

तिने फावडं ठेवलं. मग गाडीत बसून निघून गेली.

दुसरा घाणा झाला नाही. टायग दोनदा येऊन दार ठोठावून गेला. आत दिवा होता, दार उघडलं नाही. नाताळात ऑर्ला जेवायला आली. बाप-लेक बटाट्यांवर बोलले, पावसावर बोलले, नोरीनच्या गाईंवर बोलले. "बाबा, तो दिवस..." असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा कॉलमन उठला आणि चुलीत लाकूड सारायला गेला.